इथं टँकर, तिथं कारंजी: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार भाऊ,

अमेरिकेतल्या डॅलस शहरात 'फाउंटन प्लेस' नावाची इमारत आहे. तिच्या खालच्या कारंज्यांच्या चौकावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलं ते काल रात्री वाचलं. उत्तर तिथंच द्यायला बसले, पण ते त्या चौकटीत मावेना. ज्यांच्या नजरेतून सुटलं असेल त्यांच्यासाठी तुमची प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देते:

"ताई, इथं आपल्या तालुक्यात माय-बहिणी टँकरमागं धावतात आणि तुम्ही अमेरिकेतल्या बँकेच्या कारंज्यावर पानं भरता. पोराकडं जाऊन आलं की असंच होतं. ती जागा कंपनीची आहे, सार्वजनिक नाही, वॉचमननं हाकललं असतं तर कळलं असतं. झाडांची अन् आर्किटेक्टची नावं वाचून शेतकऱ्याचं काय भलं होणार?"

आधी दुसऱ्या वाक्याबद्दल बोलते, कारण रात्रभर तेच डोक्यात फिरत होतं. माझा मुलगा त्या लेखात एका ओळीपुरता आहे. त्यानं आम्हाला तिथल्या रॉस ॲव्हेन्यू या रस्त्यावर उतरवलं आणि तो गाडी लावायला गेला, एवढंच. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, शिक्षणाचं कर्ज त्यानं स्वतः फेडलं, आणि त्याच्या बापाची पेरणी कोणत्या वर्षी मोडली हे त्याला तारखेनिशी माहीत आहे. "पोराकडं जाऊन आलं की असंच होतं" म्हणजे कसं होतं? गाव विसरायला होतं? अहो, तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. आपण पारावर समोरासमोर बसलो असतो तर तुम्ही आधी चहापाणी विचारलं असतं, आणि मग मतभेद सांगितला असता. इथं लिहिताना माणसांना वाटतं की समोर कोणी बसलेलंच नाही. मुद्दा कडक असला तरी मी ऐकून घेते, पण हा टोमणा आहे आणि मला तो लागला आहे.

एक मान्य करते. लेख लांबला. इमारतीचे आर्किटेक्ट हेन्री कॉब आणि खालच्या चौकाची आखणी करणारे डॅन काइली यांच्यावरचा परिच्छेद अर्ध्यात आटोपता आला असता. फोनवर वाचणाऱ्याला ते जड गेलं असेल तर तुमची तक्रार रास्त आहे.

आता टँकर.

भाऊ, माझं सासर दारव्हा तालुक्यातलं. मी लग्न होऊन आले तेव्हा गावाला नळ नव्हता. उन्हाळ्यात विहीर गाळाला लागली की आम्ही बाया नाल्याच्या रेतीत झिरा खोदायचो. कोपरभर खड्डा. तळाशी पाणी पाझरायचं, पहिलं गढूळ, ते उपसून टाकायचं आणि मग वाट बघायची. वाटीनं अलगद उचलावं लागे, वाटीचा काठ रेतीला घासला की पुन्हा सगळं गढूळ. गुंडाच्या, म्हणजे पाण्याच्या मोठ्या भांड्याच्या, तोंडाला जुन्या लुगड्याचा धडपा बांधलेला असायचा, त्यातून पाणी गाळून घ्यायचं. गुंड भरता भरता ऊन डोक्यावर यायचं. मागं बसलेली बाई तोंडानं काही म्हणायची नाही, आपली बादली तेवढी वीतभर पुढं सरकवायची. त्या बादलीचा रेतीवरचा आवाज ऐकून माझे हात घाईला यायचे आणि वाटी रेतीला लागायची.

हे सांगायची मला सवय नाही. तुम्ही सांगायला लावलं. तहान कशी असते हे मला टँकरच्या फोटोवरून शिकायचं नाही. आणि ज्या बाईनं झिऱ्यातून पाणी काढलंय, तिनं वाहतं पाणी बघून जीव हरखला असं लिहिलं, तर त्यात तुम्हाला गैर काय वाटलं? उलट ते आम्हीच लिहायला पाहिजे.

शिवाय तुमच्या वाक्यात असं गृहीत धरलेलं आहे की तिथल्या कारंज्याचं कौतुक केलं म्हणजे इथल्या घागरीतलं पाणी कमी झालं. मी अनेक वर्षं मुलांना भूगोल शिकवला, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर आहे. हा खडक पाणी पोटात धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत. तो साठा पावसाळ्यानंतर उतरत जातो, वरचेवर उपसा वाढतो, आणि फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी तळाला जायला लागतात. त्यावर पाणलोटाची कामं, तलावातला गाळ, जुन्या विहिरींची दुरुस्ती, योजनेचं थकलेलं वीजबिल, फुटलेली पाइपलाइन असे सगळे प्रश्न. २०१८ च्या उन्हाळ्यात खुद्द यवतमाळ शहराचे हाल झाले, निळोणा आणि चापडोहचे तलाव आटले तेव्हा. जिल्ह्याच्या ठिकाणी लोक रात्र रात्र जागून ड्रम भरत होते. त्यात डॅलसच्या कारंज्याचा थेंबभर हात नाही. टँकर का येतो आणि उशिरा का येतो हे विचारायचं असेल तर विचारायच्या जागा वेगळ्या आहेत, आणि त्या जागी जाऊन मी विचारलेलं आहे. तुम्ही विचारलं असेल तर उत्तमच.

आणि त्या कारंज्यातलं पाणी रोज नवं ओतत नाहीत, हे लेखात होतं. मधल्या चौकात तर हौदच नाही. फरशीतूनच धारा उठतात, पडलेलं पाणी फरशीच्या सांध्यांतून खाली जातं आणि पंप तेच पाणी परत वर पाठवतो. धारा थांबल्या की तोच चौक चालायला मोकळा. हे करणाऱ्यांत मार्क फुलर यांची कंपनी होती, तिचं हे अगदी सुरुवातीचं काम. पुढं दुबईचं मोठं कारंजं त्याच कंपनीनं केलं. वाफ होऊन उडतं तेवढंच पाणी पुन्हा भरावं लागतं. तुम्ही म्हणाल, तेही वायाच ना? मग भाऊ, कुलरचं काय? मार्च संपत नाही तो आपल्याकडं घरोघरी कुलर लागतात. टाकीत बादल्यावर बादल्या ओततो, ते पाणी ताट्यांवरून उडून जातं म्हणूनच हवा गार लागते. कारंज्याभोवतीचा गारवा त्याच कारणानं असतो. विदर्भात ४५ अंशांत कुलर लावणाऱ्याला मी उधळ्या म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणत नसाल. एका खोलीतल्या चार माणसांसाठी उडवलेलं पाणी गरज, आणि रस्त्यावरच्या कुणाही माणसासाठी उडवलेलं पाणी चैन, हा हिशेब मला पटत नाही.

आता मी लेख का लिहिला ते सांगते. एवढं लांब लिहूनही ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

फाउंटन प्लेस ही १९८६ साली झालेली, ७२० फूट उंच, हिरव्या काचेची ऑफिसची इमारत. तुम्ही तिला बँकेचं कारंजं म्हणता, पण ज्या बँकेच्या नावानं ती उभी राहिली ती बँक केव्हाच दुसऱ्या बँकेत विलीन झाली. शेजारी तशीच दुसरी इमारत व्हायची होती. टेक्सासमध्ये तेलाचे भाव कोसळले, कर्ज देणाऱ्या संस्था बुडाल्या, ती राहून गेली. राहिला तो खालचा चौक. जागेला मुळात उतार होता. काइलींनी तो सपाट केला नाही, त्याच उतारावरून पाणी टप्प्याटप्प्यानं खाली आणलं. पाण्यातच गोल आळी करून बाल्ड सायप्रसची झाडं लावली. हे दलदलीत वाढणारं तिथलंच झाड, हिवाळ्यात पानं गाळतं, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि थंडीत ऊन. नावं मी मिरवायला दिली नव्हती. कुठं कोणतं झाड लावायचं हे कुणीतरी विचार करून ठरवलं, हे सांगायला दिली होती.

आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. डॅलसचा उन्हाळा आपल्याला ओळखीचा वाटेल असाच असतो. काठावर एक बाई बसली होती, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर डबा. तिच्यापासून हातभर अंतरावर रंगकाम करणारा एक माणूस, कपड्यांवर पांढरे डाग, बूट काढून मोजे दगडावर वाळत घातलेले. त्याला कुणी उठ म्हणालं नाही. ती बाई सरकून बसली नाही. मी त्या मोज्यांकडं बघत राहिले, आणि माझ्या डोळ्यांपुढं आपल्याकडची एक कचेरी आली.

तिचं नाव घेत नाही. सासरे गेल्यावर फेरफाराच्या नोंदीसाठी मी तिथं हेलपाटे घातले. व्हरांड्यात बाक नव्हता. लोक भिंतीला टेकून उभे. सत्तरीच्या पुढचा एक बुढा, सातबारे प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेले, पायातली चप्पल काढून तिच्यावर बसला. शिपाई आला आणि म्हणाला, "ओ बाबा, रस्ता सोडा." बुढा उठला. चप्पल हातात, पिशवी छातीशी, आता कुठं उभं राहावं ते त्याला कळेना. त्याच आवारात साहेबांच्या दालनासमोर एक गोल हौद आहे, मधे सिमेंटचे दोन बगळे. हौद कोरडा, खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पन्न्यांनी भरलेला. आवारात सावलीचं म्हणावं असं एकच झाड, एक कडुनिंब, आणि त्याच्याखाली साहेबांची गाडी.

हा बुढा पहाटेच्या एसटीनं आलेला असतो. साहेब मीटिंगला गेले असतील तर त्याला दिवस काढायचा असतो. त्यानं बसायचं कुठं? शेतकऱ्याचं भलं विचारता ना तुम्ही, मी त्याच शेतकऱ्याबद्दल लिहिलं होतं. त्याला पाणी प्यायला मिळालं पाहिजे, हे तर आहेच. पण पाणी पिऊन झाल्यावर घटकाभर सावलीत, कुणाची परवानगी न मागता, बूट-चपला काढून बसायला मिळालं पाहिजे, हेही आहे. आपल्या माणसाला नुसतं जिवंत ठेवलं म्हणजे पुरे, बाकीचं सगळं दुसऱ्यांसाठी, हे मी मान्य करणार नाही. तुमच्या वाक्यातून तेच निघतं, तुमच्या मनात तसं नसलं तरी.

आपल्याकडं ही जाण नव्हती असंही नाही. उन्हाळा लागला की आजही गावच्या फाट्यावर कुणी ना कुणी पाणपोई घालतं, रांजणाला ओलं फडकं गुंडाळतं, वर पऱ्हाटीचा मांडव टाकतं. लोणारची गोमुखाची धार बघा, पूर्वी येईल तो तिच्याखाली उभा राहायचा. ऑफिस आलं, कंपाउंड आलं, आणि ही रीत तेवढी फाटकाबाहेर राहिली.

राहिली जागा कंपनीची असण्याची गोष्ट. आहे कंपनीचीच. वॉचमन होता, त्यानं आम्हाला बघितलं, हाकललं नाही. कंपन्या दानधर्म करतात असं मी कुठंही लिहिलेलं नाही. न्यूयॉर्कनं १९६१ मध्ये नियमच केला, की खाली लोकांसाठी चौक मोकळा सोडा आणि त्या बदल्यात वर जास्तीचं बांधकाम घ्या. पुढं शहरांतल्या मोकळ्या जागांचा अभ्यास करणारे विल्यम व्हाइट यांनी त्या चौकांत कॅमेरे लावून बघितलं तेव्हा काही ओस आणि काही भरलेले निघाले. जिथं बसायला जागा, तिथं माणसं बसतात, इतकं साधं ते निघालं. मालकी कुणाची यावर तुमच्याशी वाद घालत बसत नाही. आमच्या कचेरीचं आवार तर सरकारी आहे, म्हणजे तुमचं-माझं, आणि त्यात बुढ्याला जागा नव्हती.

तुमचं शेवटचं वाक्य सोडून देते, उत्तर वर आलंच आहे. ज्यांना झाडांची नावं नकोत त्यांनी तेवढ्या ओळी सोडून वाचावं.

पंचायत समितीच्या आमसभेत मी बाकांचा, पाण्याच्या सोयीचा आणि त्या कडुनिंबाखालची गाडी हलवण्याचा विषय मांडणार आहे. तुम्ही आपल्याच तालुक्यातले आहात असं लिहिण्यावरून दिसतं. या. टँकरच्या फेऱ्यांचा विषय तुम्ही मांडा, मी तुमच्या शेजारी उभी राहून दुजोरा देईन. अर्जाचा मसुदा या आठवड्यात इथंच टाकते. त्यात काय कमी पडतंय, कोणत्या गावाचं नाव राहिलं, ते नेमकं लिहा.