उशिराचा सातबारा

विमानाच्या तिकिटावर छापलेली वेळ विमान उडण्याची नसते, हे गावाला निघालेल्या चाकरमान्याला कुणीतरी आधीच सांगायला हवं. चाकांना लावलेले ठोकळे निघाले आणि विमान जागेवरून हललं, की कंपनीच्या वहीत ते 'सुटलं'. त्यानंतर ते धावपट्टीपर्यंत रांगत जाणार आणि तिथे रांगेत उभं राहणार. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावर तासाला 45च्या आसपास विमानं चढतात-उतरतात, म्हणजे दर 80 सेकंदांना एक. तुमचा नंबर नववा असला तर बारा मिनिटं आत बसून पंख बघायचे.

दुसऱ्या टोकाला उलटा प्रकार. सामान घेणारं काउंटर साधारण 60 मिनिटं आधी बंद होतं आणि गेट 25 मिनिटं आधी. म्हणजे आठचं विमान प्रवाशासाठी सात पस्तीसलाच गेलेलं असतं. आपल्याकडे ही कल्पना रुजणं कठीण आहे. सुटलेल्या एसटीला हाक मारली की कंडक्टर दोरी ओढतो, दार उघडतं, वर 'वायच लवकर येवा' एवढंच ऐकून घ्यावं लागतं. इथे काचेपलीकडे विमान उभं दिसत असतं, शिडी लागलेली असते, आणि काउंटरवरची मुलगी नाही म्हणते.

"अगो बाये, इमान हयसरच उभा आसा मां?"

"सर, गेट क्लोज झालंय."

"मगे उघड!"

त्या मुलीच्या हातात खरंच काही नसतं. गेट बंद झालं की प्रवाशांचा आकडा आणि सामानाचं वजन मिळून लोडशीट बनते आणि ती पायलटकडे जाते. एक काका वाढवायचे म्हणजे तो कागद पुन्हा.

सिंधुदुर्गात उतरणाऱ्याने तिकीट काढतानाच एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी. गोव्यात आता विमानतळ दोन आहेत. दाभोळीचं, जे नौदलाच्या तळावर आहे आणि जिथे सकाळचे काही तास नौदलाच्या सरावाला द्यावे लागतात. आणि मोपाचं, जे जानेवारी 2023 पासून सुरू झालं आणि बांद्याच्या जवळ आहे. तिकिटावर दोन्हीकडे 'गोवा'च लिहिलेलं असतं, फरक तीन अक्षरी संकेतात : दाभोळीला जीओआय, मोपाला जीओएक्स. शेवटच्या एका अक्षराकडे दुर्लक्ष झालं, की सावंतवाडीचा माणूस झुआरी आणि मांडवी अशा दोन नद्या ओलांडत घरी पोचतो. तीनशे रुपये स्वस्त मिळालेलं तिकीट टॅक्सीवाल्याला तीन हजारांना पडतं, असं नाही. ते आपल्याला पडतं.

आता सामान. देशांतर्गत विमानात साधारणपणे 15 किलो पोटात आणि 7 किलो हातात. हा आकडा ठरवणाऱ्याने पाच डझनाची पेटी उचललेली नसावी. अडीचशे ग्रॅमचा एक हापूस धरला तर साठ आंब्यांचे बरोबर 15 किलो होतात. पेटीची फळी, खिळे आणि पेंढा हे सगळं वर. म्हणजे कपडे न नेता, फक्त आंबे नेले, तरी जास्तीच्या किलोंचे पैसे भरावेच लागतात. दोन-दोन डझनांचे पुठ्ठ्याचे खोके करून घरातल्या प्रत्येकाच्या नावावर एकेक टाकणं हा त्यातल्या त्यात शहाणपणा. खोक्याला भोकं हवीत आणि फळ कच्चंच हवं.

खोबऱ्याचं प्रकरण त्याहून वाईट. सुक्या खोबऱ्याला संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत स्वतःचा क्रमांक आहे : 1363, वर्ग 4.2, म्हणजे आपोआप तापून पेटू शकणारे पदार्थ. त्याच्यातलं तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावताना उष्णता सोडतं. कोंदट जागी ढीग असला तर ती बाहेर पडत नाही आणि आतल्या आत वाढत जाते. विमानाच्या पोटात, बॅगांखाली, हे कुणालाच नको असतं. म्हणून क्ष-किरणाच्या पडद्यावर वाट्या दिसल्या की बॅग बाजूला.

"वर्साचा खोबरा आमच्या माळ्यार पडलेला आसता. घर कधी जळला काय?"

या प्रश्नाला सुरक्षा जवानाकडे उत्तर नसतं, पण वाट्या मात्र तिथेच राहतात. आख्खा नारळ हातातल्या पिशवीतून न्यायलाही एरवी बंदी आहे. 2024च्या शबरीमला हंगामात यात्रेकरूंच्या इरुमुडीतल्या, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातल्या, नारळाला 20 जानेवारी 2025 पर्यंत खास सूट मिळाली होती. गाऱ्हाण्याच्या नारळासाठी आपल्याकडच्या एखाद्या देवस्थानाने असा अर्ज करायला माझ्या मते काहीच हरकत नाही. मिरचीचं लोणचंही हातातल्या पिशवीत चालत नाही, ते पोटातल्या बॅगेत टाकायचं. पॉवर बँकेचं नेमकं उलट : ती पोटातल्या बॅगेत अजिबात नाही, हातातच. बरणीचं तोंड आणि झाकण यांच्यामध्ये प्लास्टिकचा तुकडा घालून वरून दोरा गुंडाळावा, कारण वर गेल्यावर विमानातला हवेचा दाब सात-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवलेला असतो. बरणीतली हवा फुगते आणि आगळाची बाटली गळते. कोकमाचा डाग पांढऱ्या सदऱ्यावर कसा बसतो, ते इथे लिहायची गरज नाही.

लहान विमानतळांवर येतं ते बहुधा एटीआर 72, सत्तरेक आसनांचं, पंख्यांचं. पुष्कळांना पंखे बघून धसका बसतो. खरं तर आखूड अंतराला हेच परवडतं. ताशी पाचशे किलोमीटरने जातं आणि जेटपेक्षा इंधन कमी पितं. पंख छपराला असल्याने खिडकीतून खाडी, माड, सगळं दिसतं. माणसं मागच्या दाराने चढतात, सामानाचा मोठा कप्पा पुढे असतो. आता सगळे एकदम मागून चढले की शेपूट खाली बसायची भीती, म्हणून जमिनीवर असताना शेपटाखाली चक्क एक टेकू लावतात. विमान भरलेलं नसलं तर हवाई सुंदरी येऊन म्हणते, "काकी, तुम्ही जरा पुढच्या रांगेत बसाल का?" काकींना वाटतं आपल्या वजनाबद्दल बोलली. ती खरोखर वजनाबद्दलच बोललेली असते, पण तोल सगळ्या विमानाचा सावरायचा असतो, त्यात काकींचा अपमान नाही.

उतरलेलं विमान पुन्हा सुटायला कंपनी 25-30 मिनिटं देते. तेवढ्यात जुने प्रवासी उतरणार, बॅगा निघणार, केबिन झाडली जाणार (स्वस्तातल्या कंपन्यांत ते कामही हवाई सुंदऱ्याच करतात), शौचालयाची टाकी रिकामी होणार, इंधन भरलं जाणार, पायलट एक फेरी मारून चाकं-पंखे बघणार, नव्या बॅगा चढणार, नवे प्रवासी चढणार. यातलं एक अडलं की सगळं अडतं. सगळ्यात जास्त अडवतो तो बॅग देऊन, बोर्डिंग पास घेऊन दुकानात परफ्यूमचा वास घेत बसलेला गृहस्थ. त्याच्या नावाचा पुकारा चालतो तो त्याच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. प्रवासी चढला नाही तर त्याची बॅगही उतरवावी लागते, आणि ती नेहमी सगळ्यात खाली असते.

झालेल्या उशिराला कारण लिहावं लागतं. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने त्यासाठी दोन आकडी कोड ठरवून दिलेत. 11 म्हणजे प्रवासी काउंटरवर उशिरा आले. 15 म्हणजे चढण्यात घोळ, वर सांगितलेले परफ्यूमवाले इथे येतात. 41 म्हणजे विमानात बिघाड. 71 म्हणजे इथली हवा वाईट, 72 म्हणजे तिथली. आणि सगळ्यांचा बाप म्हणजे 93 : विमानच मागच्या फेरीहून उशिरा आलं. गेटवर 'ऑपरेशनल कारण' ऐकू येतं तेव्हा त्याच्याआड बहुधा हाच आकडा असतो.

हा 93 म्हणजे उशिराचा सातबारा. आजोबांनी कधीतरी बांध कोरला, त्याच्या तारखा नातू भरतोय, तसं. पहाटे दिल्लीत धुकं पडतं आणि विमान चाळीस मिनिटं अडकतं. ते मुंबईला येतं तेव्हा आधीची उतरायची वेळ हुकलेली, मग वर घिरट्या. तिथून बंगळुरू, परत मुंबई, आणि मग संध्याकाळी मोपा. अर्ध्या तासाच्या थांब्यात वसूल काय करणार? दर फेरीला दहा-पंधरा मिनिटं चढत जातात आणि कुडाळच्या माणसाला दोन तास वारसाहक्काने मिळतात. तो काउंटरवर भांडतो, "पाऊस नाय, वारो नाय, मगे लेट कित्याक?" दिल्लीच्या धुक्याची फेरफार नोंद त्याच्या नावावर झालीय, हे त्याला कुणी सांगत नाही. यावर उपाय एकच : दिवसाचं पहिलं विमान घ्यावं, कारण ते रात्रीच येऊन झोपलेलं असतं. दुपारचं असेल तर विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर आपलं विमान, म्हणजे व्हीटीने सुरू होणारा त्याचा नंबर, आत्ता कुठे आहे ते बघावं. ते अजून रांचीला असेल तर गेटकडे धावू नये, वडा खाऊन घ्यावा.

उशीर फार लांबला की वैमानिकांचे तास संपतात. लोक इथे सगळ्यात जास्त भडकतात. विमान आहे, इंधन आहे, पायलट टोपी घालून समोर उभा आहे, आणि तो म्हणतो मी उडवणार नाही. पण त्याचे तास विमान सुटल्यापासून नव्हे, कामावर हजर झाल्यापासून मोजतात. तुम्ही गेटवर बसून जांभया दिल्यात, ते सगळे तास त्याच्याही खात्यातून गेलेत. जुलै 2025 पासून आठवड्याची सलग विश्रांतीही 36 तासांवरून 48 झाली. मला विचाराल तर बारा तास जागलेल्या पायलटने पावसात धावपट्टी शोधण्यापेक्षा आपण गेटवर शिव्या देत बसलेलं बरं.

आणि पाऊस तर आपलाच. धावपट्टीवर आयएलएस, म्हणजे रेडिओ लहरींनी उतरायची वाट दाखवणारी यंत्रणा असेल, तर तिच्या साध्या प्रकारातही 550 मीटर दिसलं तरी विमान 200 फुटांपर्यंत खाली येऊ शकतं. ती नसेल तर त्याहून बरंच जास्त दिसावं लागतं, आणि नुसत्या नजरेवर उडायचं तर पाच. आषाढात पाच किलोमीटर? समोरच्या आळीतलं घर दिसत नाही. अशा वेळी खिडकीतून खाली बघणाऱ्याला आपलं कौल स्पष्ट दिसतं आणि तो ओरडतो, "ह्यां काय खाली!" पण खाली सरळ बघताना ढगाचा पातळ थर मध्ये येतो, पायलटला तोच थर तिरका, समोरून, कितीतरी जास्त जाडीचा भेदायचा असतो. धावपट्टी दिसली नाही की तो विमान वर ओढतो. इंजिन गरजतं, लोक देवाचं नाव घेतात, पण ही रोजच्या सरावातली हालचाल आहे. एक-दोनदा जमलं नाही तर तो दुसरीकडे जातो, कारण शेवटचं अर्ध्या तासाचं इंधन वापरायचं नाही असं गणित करूनच निघालेला असतो. कुडाळला निघालेला माणूस मग हैदराबादला जेवतो.

भाड्याबद्दल थोडक्यात. एकाच विमानातल्या जागा निरनिराळ्या भावांच्या गटांत वाटलेल्या असतात आणि स्वस्त गट आधी संपतो. त्यात तीनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही पाच जणांसाठी शोधलंत, तर पाचही जागांना वरचा भाव लागतो. म्हणून आधी एकाचा भाव बघा, मग तिघांचा, आणि फरक दिसला तर तिकिटं तोडून काढा. गणपती कधी हे कंपन्यांनाही पंचांगातून कळतं, त्यामुळे त्या आठवड्यात स्वस्त गट शोधण्यात अर्थ नाही. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला उघडला, तेव्हा मुंबईची फेरी केंद्र सरकारच्या उडान योजनेत होती : अर्ध्या जागांना भाड्याची मर्यादा आणि तीन वर्षं सरकारी भरपाई. तीन वर्षं झाली आणि ती फेरी थांबली. भरपाई संपल्यावर सत्तर जागांच्या विमानाचा हिशेब तिकिटांवरच बसवायचा असतो, आणि विमानाचं इंधन अजून जीएसटीत नसल्याने त्यावर राज्याचा कर वेगळा.

हक्कांपैकी एक लक्षात ठेवावा : अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं द्यावं लागतं. गार सँडविच मिळतं, आणि बहुधा त्या दिवशी संकष्टी असते. सहा तासांहून जास्त झालं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. नुकसानभरपाई मात्र हवामानाच्या कारणाला मिळत नाही.

इतकं होऊनही विमान कधीकधी वेळेआधी पोचतं. मुंबई-गोवा हवेतला वेळ पाऊण तासाच्या आसपास असतो आणि वेळापत्रकात सव्वा तास लिहितात, शिवाय 15 मिनिटांच्या आत आलेलं विमान वेळेवरच धरतात. मग दहा मिनिटं आधी उतरल्याची घोषणा होते, पट्टे खटाखट सुटतात, वरचे कप्पे उघडतात, आणि विमान मध्येच थांबतं. उभं राहायच्या जागेवर दुसरं विमान आहे. ते दीड तासापूर्वीच जायला हवं होतं, आतले प्रवासी घामाघूम झालेत, पण ते हलू शकत नाही. त्याचे पायलट आपल्या विमानात पुढच्या रांगेत बसलेले आहेत.