'डीएनए दुरुस्तीचा एन्झाइम जितका जास्त तितकं आयुष्य जास्त'? उंदरांनी तर वेगळंच दाखवलंय

सध्या एक मेसेज सारखा फिरतोय. शास्त्रज्ञांनी उंदरातला डीएनए दुरुस्त करणारा जीन काढला, उंदीर बघता बघता म्हातारे झाले आणि कॅन्सरने मेले, म्हणजे हा एन्झाइम शरीरात जितका जास्त तितकं आयुष्य जास्त, आणि खाली तो 'वाढवणाऱ्या' कॅप्सूल. केमो चालू असलेल्या माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी तो मला पाठवून "घेऊ का?" असं विचारलं, म्हणून एकेक मुद्दा धरून लिहितोय.

आधी तो 'एक जीन'. असा एक जीन नाहीच, डीएनए दुरुस्तीत शंभराहून जास्त जीन्स आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं. मेसेजसोबत पाठीला पोक आलेल्या रोड उंदराचा फोटो आहे, तशी अवस्था ईआरसीसी-१ सारखा जीन बिघडला की होते. पण एएजी नावाचा एन्झाइम घ्या. त्याचा जीन काढलेले उंदीर १९९७ मध्येच तयार झाले, ते नीट जन्मले, वाढले, त्यांना पिल्लंही झाली. ओजीजी-१ या दुसऱ्या दुरुस्ती-एन्झाइमचा जीन काढला तरी उंदीर जगतात. याउलट पॉलिमरेझ बीटा या एन्झाइमचा जीन काढला तर पिल्लं जन्मल्याबरोबर मरतात आणि एपीई-१ काढला तर गर्भ सुरुवातीलाच संपतो.

हा फरक का पडतो, सगळं गणित इथेच आहे. ही दुरुस्ती टप्प्याटप्प्याने होते. डीएनए म्हणजे रासायनिक 'अक्षरांचा' लांब धागा समजा. एएजीसारखा एन्झाइम खराब झालेलं अक्षर त्यातून उपटून काढतो, तिथे रिकामी जागा राहते, मग एपीई-१ त्या जागी धागा कापतो, पॉलिमरेझ बीटा योग्य अक्षर भरतो आणि शेवटी लायगेझ टाका घालून धागा जोडतो. आता बघा, मधल्या टप्प्यातला कापलेला धागा हा मूळच्या खराब अक्षरापेक्षा कितीतरी वेळा जास्त घातक असतो. म्हणजे पहिला कामगार फार जोरात उपटत सुटला आणि मागचे त्या वेगाने भरू शकले नाहीत, तर दुरुस्तीच पेशीच्या जिवावर उठते.

म्हणून 'जितका जास्त तितकं चांगलं' हा मेसेजमधला सगळ्यात चुकीचा मुद्दा. उंदराच्या रेटिनाची, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याची, स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली की प्रकाश टिपणाऱ्या पेशींची केंद्रकं निळ्या-जांभळ्या ठिपक्यांसारखी दिसतात, एकावर एक अशा दहा-बारा ओळी, अगदी दाट. एमएमएस नावाचं रसायन डीएनएला मिथाइल गट चिकटवतं. ते नेहमीच्या उंदरांना दिलं की काही दिवसांत या ओळी विरळ होतात, थर पातळ पडतो आणि नजर जाते. एएजी नसलेल्या उंदरांना तेच रसायन दिलं तर ओळी जवळपास जशाच्या तशा! हे २००९ मध्ये दिसलं. मग २०१३ मध्ये एएजी मुद्दाम वाढवलेले उंदीर तपासले तेव्हा त्यांचं नुकसान आणखी जास्त निघालं, आणि फक्त रेटिनात नाही, मेंदूच्या मागच्या भागात आणि अस्थिमज्जेतही. एन्झाइम जास्त, नुकसान जास्त, सरळ उलटं.

कारणही सापडलंय. एमएमएसमुळे सगळ्यात जास्त तयार होणारी खराबी म्हणजे ७-मिथाइलग्वानिन, आणि ती तशी निरुपद्रवी, पण एएजी तीही उपटतो. धागे तुटले की पार्प-१ नावाचा एन्झाइम जागा होतो आणि पेशीतलं एनएडी, म्हणजे ऊर्जा तयार करायला लागणारा रेणू, भराभर वापरून टाकतो, ऊर्जा संपते, पेशी मरते. पार्प-१ चा जीन काढला तर तेच उंदीर वाचतात. २०१४ मध्ये यकृत, मेंदू आणि किडनीचा रक्तपुरवठा थोडा वेळ बंद करून परत चालू केला तेव्हाही एएजी नसलेल्या उंदरांचं नुकसान कमी झालं.

मग एएजी वाईट का? तेही नाही, आणि हे मला तितक्याच तळमळीने सांगायचंय, कारण आता कोणीतरी उलटा मेसेज बनवेल. आतड्याला दीर्घकाळ सूज असेल तर सुजेतून तयार होणारी रसायनं डीएनए खराब करत राहतात, आणि २००८ च्या प्रयोगात अशा स्थितीत एएजी नसलेल्या उंदरांना मोठ्या आतड्याचे ट्यूमर जास्त झाले. तोच जीन, एका ऊतीत त्रास देतो, दुसरीत वाचवतो.

कॅप्सूलबद्दल थोडक्यात. एन्झाइम म्हणजे प्रोटीन, गिळलं की पोटात पचतं, ते पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचणार कसं? बाहेरून दुरुस्ती-एन्झाइम दिल्याचं एक खरं उदाहरण आहे. झेरोडर्मा पिगमेंटोसम या डीएनए दुरुस्ती जन्मतःच बिघडलेल्या दुर्मिळ आजाराच्या रुग्णांवर २००१ मध्ये त्वचेला लावायच्या लोशनची चाचणी झाली, एन्झाइम चरबीच्या बारीक पुड्यांत भरलेला होता आणि त्वचेवर कॅन्सरआधीचे डाग कमी आले. पण ते त्वचेवर आणि त्या आजारात, गिळायच्या गोळीशी त्याचा संबंध नाही.

राहिला त्या बाईंचा प्रश्न. टेमोझोलोमाइडसारखी काही केमोची औषधं डीएनएला मिथाइल गट चिकटवूनच कॅन्सरच्या पेशी मारतात. एमजीएमटी नावाचा दुरुस्ती-एन्झाइम तो गट काढून टाकतो, हा जीन काढलेले उंदीर अशा औषधांपुढे फारच नाजूक ठरतात. पण तोच एन्झाइम ट्यूमरमध्ये भरपूर असेल तर औषध निकामी होतं. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरात ज्यांच्या ट्यूमरमध्ये हा जीन बंद असतो त्यांना टेमोझोलोमाइडचा फायदा जास्त होतो, हे २००५ पासून माहीत आहे. म्हणजे केमो चालू असताना 'दुरुस्ती वाढवायची' असं म्हणणाऱ्याला कुठल्या पेशीतली वाढवायची हे सांगता आलं पाहिजे, आणि मेसेजमध्ये त्याबद्दल एक शब्द नाही.

मी त्यांना हेच सांगितलं, घेऊ नका, आणि काहीही घ्यायचं असेल तर आधी केमो देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी अजून मागवलं नव्हतं.