प्लग बदलल्याने प्लेनरचा अ‍ॅम्प इलेक्ट्रोस्टॅटिकला चालत नाही

'प्लेनर हेडफोन पेलणारा दमदार अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर), नुसता प्लग बदलून, इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनलाही चालतो,' असा दावा सध्या फिरत आहे; तो चुकीचा आहे. प्लेनरमध्ये आवाज निर्माण करणाऱ्या पडद्यावरील धातूच्या पट्ट्यांतून वाहणारा विद्युतप्रवाह चुंबकीय क्षेत्रात बल निर्माण करतो, म्हणून त्याला प्रवाह हवा असतो. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये मात्र विद्युतभारित पातळ पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये हलतो आणि त्यासाठी शेकडो व्होल्टचा सिग्नल व वेगळा स्थिर बायस, म्हणजे पडदा भारित ठेवणारा व्होल्टेज, लागतो. स्पीकरच्या अ‍ॅम्पवर इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन वाजवता येतो हे खरे, पण मध्ये ट्रान्सफॉर्मर आणि बायस पुरवणारी पेटी असेल तरच.

याहून गंभीर सल्ला म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन बनवणाऱ्या स्टॅक्स कंपनीच्या जुन्या, 230 व्होल्ट बायसच्या हेडफोनची सहावी पिन कापून तो 580 व्होल्टच्या पाच पिनी सॉकेटमध्ये बसवण्याचा. जुन्या रचनेत पडदा आणि पत्रे यांतील अंतर कमी असल्याने ठिणगी पडून पडदा कायमचा निकामी होऊ शकतो. तो सॉकेट सहावी पिन घेत नाही, ते मुद्दामच. कृपया पिन कापू नये.