‘एसएमएन१ असताना झेडपीआर१ कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

झेडपीआर१ या झिंक फिंगर प्रथिनाच्या जनुकावरील माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, हा स्नायू दुबळे करत जाणारा आजार एसएमएन१ या जनुकातील दोषामुळे होतो हे १९९५ पासून ठाऊक असताना, उंदरांवरील प्रयोगांच्या जोरावर दुसरेच जनुक पुढे करणे म्हणजे पालकांचा गोंधळ वाढवणे, हा पहिला. आणि औषधे आलेली असताना या संशोधनाचा रुग्णाला उपयोग काय, हा दुसरा. लेख वाचून डोंबिवलीच्या आपल्या भाचीने बाळासाठी परळच्या एका लॅबमध्ये झेडपीआर१ची तपासणी होते का, अशी चौकशी केली, असेही आपण लिहिले आहे. आपल्या रागाचे मूळ बहुधा तेथेच असावे.

म्हणून आधी तपासणीचे. ती करण्याची गरज नाही. बाळाच्या रिपोर्टमध्ये मुख्यतः दोन ओळी पाहायच्या असतात: एसएमएन१च्या सातव्या एक्झॉनच्या (जनुकाच्या एका तुकड्याच्या) प्रती किती (एसएमए असल्यास तेथे बहुतेकदा शून्य असते) आणि एसएमएन२च्या प्रती किती. जनुकांच्या प्रती मोजणाऱ्या एमएलपीए चाचणीत दोन्ही कळतात. झेडपीआर१चा आकडा हाती आला तरी आज कोणताही डॉक्टर त्यावरून औषध बदलणार नाही.

मात्र आजार कशामुळे झाला आणि तो किती तीव्र होईल, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि माझा लेख दुसऱ्या प्रश्नाविषयी होता. एसएमएन२ हे एसएमएन१चे जवळजवळ जुळे जनुक; पण सातव्या एक्झॉनमधील एका अक्षराच्या फरकामुळे त्यापासून पूर्ण लांबीचे प्रथिन सुमारे १० टक्केच मिळते. त्याच्या प्रती जितक्या जास्त, तितका आजार सहसा सौम्य. तरीही एसएमएन२च्या प्रती सारख्या असलेल्या सख्ख्या भावंडांपैकी एकाला चालता येते आणि दुसऱ्याला येत नाही, अशी कुटुंबे नोंदली गेली आहेत. हा फरक एसएमएन१वरून समजत नाही. त्यासाठी इतर जनुकांकडे पाहावेच लागते.

झेडपीआर१चा संबंध येथे येतो. निरोगी पेशीच्या केंद्रकात एसएमएन प्रथिन ठिपक्यांच्या रूपात एकवटलेले दिसते. या ठिपक्यांना जेम म्हणतात. टाइप १, म्हणजे एसएमएच्या तीव्र प्रकाराच्या रुग्णांच्या पेशींत ते तुरळक असतात किंवा दिसतच नाहीत. झेडपीआर१ आणि एसएमएन यांची एरवी होणारी जोडणी या पेशींत विस्कटते, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे रुग्णांच्या पेशींत झेडपीआर१ वाढवल्यावर एसएमएन आणि जेम वाढले, तर एसएमए असलेल्या उंदरांत झेडपीआर१ कमी केल्यावर आजार बळावला. २०२० च्या संशोधनाने त्यामागची एक यंत्रणा मांडली: आरएनए (जनुकावरून उतरणारी प्रत) तयार होताना तो कधी कधी डीएनएलाच चिकटून राहतो, आणि आर-लूप नावाच्या या गाठी सोडवण्यात सेनाटॅक्सिन या प्रथिनासोबत झेडपीआर१चाही हात असतो.

उंदरांविषयीची आपली शंका रास्त आहे, पण या बाबतीत ती अर्धीच लागू पडते. उंदरांत एसएमएन२ मुळात नसतेच. प्रयोगातील उंदरांत माणसाचे एसएमएन२ घातलेले असते. म्हणजे शरीर उंदराचे असले तरी ज्या जनुकाविषयी प्रश्न विचारला जातो ते माणसाचेच आहे.

आता औषधे. अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालेले नुसिनर्सेन आणि २०२० मधील रिस्डिप्लाम ही दोन्ही औषधे एसएमएन२च्या आरएनएच्या तुकड्यांची जोडणी (स्प्लायसिंग) सुधारतात. झेडपीआर१चा परिणाम त्याच्या एक पायरी आधी, म्हणजे मुळात तो आरएनए किती तयार होतो यावर होतो. त्यामुळे हे संशोधन त्या औषधांच्या विरोधात जात नाही. मात्र त्यातून उद्या औषध निघेल, असे मी लेखात म्हटले नव्हते आणि आजही म्हणणार नाही. झेडपीआर१ साऱ्या शरीराला लागते. ते अजिबात नसलेले उंदराचे भ्रूण जगत नाहीत, आणि माणसात त्या जनुकातील एका बदलामुळे वाढ खुंटते, मूत्रपिंडे लहान राहतात. असे प्रथिन केवळ मज्जारज्जूपुरते वाढवणे सोपे नाही.

आपल्या भाचीने तो खर्च वाचवावा. पुढच्या बाळाचा विचार असेल, तर पती-पत्नी दोघांनीही एसएमएन१ची वाहक-तपासणी (स्वतः निरोगी असूनही सदोष जनुक अंगी आहे का, याची तपासणी) करून जेनेटिक काउन्सेलरला भेटावे. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याचा २५ टक्के धोका असतो, आणि गर्भजल तपासणीचा निर्णय वेळेत घ्यावा लागतो.