सक्तीचं राहू द्या, सध्या ऐकताय काय?

पहिलीपासून हिंदीचे दोन्ही शासननिर्णय 29 जून 2025 ला रद्द झाले, तेव्हा आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुलाल उधळायचा तेवढा बाकी होता. पुढे 5 जुलैला वरळीत ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले, त्याचे व्हिडिओ घरटी एकाने तरी टाकलेच. निर्णय रद्द झाला याचा मलाही आनंद झाला. पहिलीतल्या पोराच्या दप्तरात तिसरी भाषा कोंबायचं काही कारण नव्हतं. धुरळा खाली बसल्यावर मी विचारलं, ‘‘बरं, सध्या मराठीत काय बघताय, काय वाचताय? मला इथे बसून मिळेल असं काहीतरी सांगा ना.’’ दादाने अंगठा दाखवला. वहिनीने एका कोरियन मालिकेचं नाव पाठवलं. (मालिका चांगली निघाली, ते सोडा.)

मी कार्डिफला राहते. म्हणजे वेल्समध्ये, जिथे भाषेवरचं भांडण आपल्यापेक्षा जुनं आहे आणि बोलणारे आपल्यापेक्षा फारच कमी. 2021 च्या जनगणनेत वेल्श येणारे भरले 5 लाख 38 हजार, तीन वर्षांवरच्या लोकसंख्येच्या 17.8 टक्के. मराठी मातृभाषा सांगणारे 2011 मध्येच 8 कोटी 30 लाखांच्या घरात होते. तरीही ‘सध्या काय चांगलं आहे?’ असं इथे कुणाला विचारलं, की समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो. त्या बसण्यातून मला गेल्या काही काळात जे सापडलं, ते आधी सांगते.

खाण्यापासून सुरुवात करू. लाव्हरब्रेड नावाचा पदार्थ आहे, त्यात ब्रेड नाही. किनाऱ्यावरच्या खडकांना धरून वाढणारं शेवाळ खरवडून आणायचं, वाळू जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचं आणि तासन्‌तास शिजवायचं. होतो तो काळपट हिरवा लगदा, दिसायला थेट शेणकाला. ओटच्या भरड पिठात घोळवून त्याच्या टिक्क्या करतात आणि बेकनच्या चरबीत परततात. सोबतीला कॉकल्स नावाचे शिंपले, आपल्या तिसऱ्यांच्या भावकीतले. स्वॉन्सीच्या मंडईत दोन्ही एकाच गाळ्यावर मिळतात. कॉकल्स येतात जवळच्या पेनक्लाउदहून. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बायका गाढवं घेऊन ओहोटीच्या वाळूत उतरायच्या आणि शिंपले काढून बाजारात विकायच्या. मी लाव्हरब्रेड लसूण, हिरवी मिरची आणि थोड्या कोकमाबरोबर परतते, भाकरीबरोबर खाते. इथल्या शेजारणीला ते पाप वाटतं. डब्यातलं मात्र आणू नका, समुद्राची चव मरते.

शाकाहाऱ्यांसाठी ग्लमॉर्गन सॉसेज. नाव सॉसेज, आत मांसाचा कण नाही. केरफिली चीज, लीक म्हणजे इथली लांबट कांदापात, आणि ब्रेडचा चुरा. सासूबाई आल्या होत्या तेव्हा नाव ऐकून त्यांनी ताट सरकवलं होतं. चीज किसताना डोळ्यांनी बघितल्यावर मग पुदिन्याची चटणी त्यांनी स्वतःच वाटली.

टीव्हीचं प्रकरण जरा सविस्तर सांगावं लागेल. वेल्श भाषेची वाहिनी आहे, एस४सी. ती सरकारच्या कृपेने आली नाही. 1979 च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने वाहिनीचं आश्वासन दिलं आणि सत्तेवर आल्यावर फिरवलं. तेव्हा प्लाइड कमरी या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे सत्तरीकडे झुकलेले अध्यक्ष ग्विनफोर एव्हान्स यांनी जाहीर केलं, की 6 ऑक्टोबर 1980 पासून आमरण उपोषण. थॅचरबाईंचं सरकार सप्टेंबरातच नमलं आणि 1 नोव्हेंबर 1982 ला वाहिनी सुरू झाली. इथवरची गोष्ट आपल्याकडे मी कुणालाही सांगितली की माना डोलतात, उपोषण आपल्याला कळतं. पण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. वाहिनी मिळाल्यावर त्या मंडळींनी तिच्यावर काय दाखवलं? ‘फायरमन सॅम’ तुमच्या घरातल्या पोरांनी पाहिला असेल. तो मुळात ‘सॅम तान’, 1985 मध्ये आधी वेल्शमधून एस४सीवर आला, बीबीसीवर दोन वर्षांनी. माझ्या लेकीला तो इंग्रजी बोलतो हे कळल्यावर धक्का बसला होता.

आणि ‘हिंटरलँड’. ॲबरिस्टविथच्या पावसाळी डोंगरांतली पोलीस तपासाची मालिका, 2013 ची. मला सापडायला इतका उशीर झाला त्याचं वाईट वाटतं. तिचा प्रत्येक प्रसंग तेच नट आधी एका भाषेत करायचे, मग दुसऱ्या. वेल्श आवृत्ती एस४सीवर, इंग्रजी बीबीसीवर, आणि डेन्मार्कसकट बाहेरच्या देशांत विक्री. हे वाचून ‘वा, काय कल्पना!’ म्हणणार असाल तर थांबा. 1932 मध्ये कोल्हापुरात प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ असाच मराठीत आणि हिंदीत काढला होता. पहिला मराठी बोलपट तोच. मल्टिप्लेक्समधल्या प्राइम टाइमवर दरवर्षी भांडताना ही युक्ती आपण कोणत्या माळ्यावर टाकली, हे मला विचारायचं आहे.

गाण्यांत दोन गोष्टी. कारमार्थनच्या तीन मुलींचा अदवाइथ नावाचा बँड आहे. वेल्शमधून गातात आणि वेल्श म्युझिक प्राइझ त्यांनी 2019 आणि 2022 असं दोनदा जिंकलं आहे. शब्द कळत नाहीत तरी गिटार कळते. दुसरं, ‘अमा ओ हीद’. दाविद इवान यांचं 1983 चं गाणं. ‘आम्ही अजून इथेच आहोत’ अशा अर्थाचं. हे गृहस्थ रस्त्यावरच्या पाट्या वेल्शमध्ये असाव्यात या आंदोलनापायी 1970 मध्ये तुरुंगात जाऊन आलेले. मार्च 2022 मध्ये फुटबॉलच्या सामन्याआधी कार्डिफच्या मैदानावर त्यांनी ते गायलं आणि सगळं स्टेडियम गात सुटलं. त्या वर्षी वेल्स 1958 नंतर पहिल्यांदा विश्वचषकाला गेलं. गाणाऱ्यांत वेल्श न येणारेच जास्त असणार, आकडेवारी पाहता दुसरं शक्यच नाही.

आता आयस्टेदवोद. दर ऑगस्टमध्ये आठवडाभर चालणारा साहित्य-संगीताचा मेळा, एक वर्ष उत्तरेत, एक वर्ष दक्षिणेत. 2024 मध्ये पॉन्टिप्रिदला, म्हणजे आमच्यापासून लोकलच्या अंतरावर होता, म्हणून गेले. व्यासपीठावर फक्त वेल्श, हा नियम 1950 पासूनचा. कवितेच्या स्पर्धेत सगळे टोपणनावाने लिहितात. परीक्षक मंचावरून कवितांची जाहीर चिरफाड करतात, मग विजेत्याचं टोपणनाव पुकारतात, तुतारी वाजते, आणि अंधारात बसलेल्या हजारो लोकांतून कुणीतरी एक उठून उभा राहतो. शेजारच्यालाही ठाऊक नसतं. म्यानातून अर्धवट उपसलेल्या तलवारीसमोर तीनदा विचारतात, ‘शांतता आहे ना?’ आणि सभा तीनदा ओरडते, ‘शांतता!’ मग त्याला सुताराने खास घडवलेल्या खुर्चीत बसवतात. योग्य कविता आली नाही तर खुर्ची कुणालाच देत नाहीत. 1917 मध्ये तुतारी वाजली आणि कुणीच उठलं नाही; कवी हेद विन पाच आठवड्यांपूर्वी पाशेंडेलच्या लढाईत मारला गेला होता. त्या खुर्चीवर काळं कापड टाकलं.

आपल्या साहित्य संमेलनाशी तुलना मी मुद्दाम टाळणार होते, पण ती होतेच. आपल्याकडे अध्यक्ष कोण, मंचावर कुठला मंत्री, निधी किती, यावर तीन महिने बोलणं होतं. संमेलनात कुणाची कविता गाजली हे सांगणारा मला अजून भेटला नाही. इथे भांडणं होत नाहीत असं नव्हे. त्याच 2024 मध्ये नाट्यपदकाची स्पर्धा ऐनवेळी रद्द झाली आणि कारण नीट न सांगितल्यामुळे बराच गदारोळ उठला. पण तो गदारोळ नाटकांबद्दल होता.

मला इथली गोष्ट गोड करून सांगायची नाही. वेल्सचं उदाहरण देऊन ‘बघा, सक्तीशिवाय भाषा जगते’ म्हणणारे पुण्या-मुंबईत भेटतात, त्यांनी हे ऐकावं. इथे सोळा वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाला वेल्श सक्तीचं आहे, कायदे आहेत, सरकारचा पैसा आहे. आणि तरीही 2011 ते 2021 मध्ये बोलणाऱ्यांचा टक्का 19 वरून घसरला. इंग्रजी माध्यमात अकरा वर्षं वेल्श शिकून चार वाक्यं धड न येणारे माझ्या ऑफिसात पुष्कळ आहेत. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. कायदा मला मान्य आहे, पण माझी कोथरूडची भाची शाळेतलं मराठी अक्षरशः काढा प्यायल्यासारखं नाक धरून संपवते. तिला घरात कुणी मराठी गाण्याचं नाव सांगितलेलं नाही. ‘तांबडी चामडी’ तिला रीलवर सापडलं, आणि इथे माझ्या लेकीच्या वेल्श माध्यमातल्या वर्गमित्रांनाही. ते माझ्याकडे अर्थ विचारायला आले तेव्हा माझी पंचाईत झाली.

उलट बाजूही आहे. वेल्शमधलं व्यावसायिक रंगभूमीचं काम मुख्यतः अनुदानावर उभं आहे. आपल्याकडे तिकीट काढून लोक येतात आणि नाटक स्वतःच्या पायावर चालतं, रविवारी एकाच नाट्यगृहात सकाळ-दुपार-रात्र वेगवेगळे प्रयोग लागतात, हे मी इथल्या मैत्रिणीला सांगितलं तर तिला वाटलं मी पन्नास वर्षांपूर्वीचं बोलते आहे. दिवाळी अंकांचंही तसंच. 1909 च्या ‘मनोरंजन’पासून सुरू झालेली परंपरा आणि आता दर वर्षी शेकड्यांनी अंक निघतात, ही गोष्ट जगात कुठे सांगितली तरी लोक चकित होतील. आपण मात्र अंकांची संख्या सांगतो, आतल्या कथेचं नाव सांगत नाही. माझ्याकडून एक सांगते: बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. मुलांसाठी उघडा, स्वतः वाचत बसाल.

पॉन्टिप्रिदला मंडपाच्या दाराशी कानाला लावायची यंत्रं फुकट मिळत होती. मंचावर वेल्शशिवाय अक्षर नाही, पण ज्याला येत नाही त्याच्या कानात सगळं इंग्रजीत उतरत होतं. नियम एक इंचही सैल न करता मला आत घेतलं होतं. बालगंधर्वला किंवा ठाण्याच्या गडकरीला हे का होऊ नये? हिंजवडीत दहा वर्षं काढलेला पाटण्याचा किंवा कोइम्बतूरचा मुलगा, ज्याला दुकानात ‘मराठीत बोल’ म्हणून दरडावतात, त्याने मराठी नाटक कधीच पाहिलेलं नसतं, कारण त्यात त्याला काही कळेल अशी सोयच नाही. नाट्यगृह दुरुस्तीला काढताना मेकअप रूम आणि स्वच्छतागृहांबरोबर (ती आधी करा) शंभरेक यंत्रांचा आणि आतल्या आवाजात बोलणाऱ्या एका चांगल्या दुभाष्याचा खर्च धरा. पहिला प्रयोग विनोदी ठेवा. आणि दुभाषा असा शोधा, की विनोद प्रेक्षकांच्या आधी त्याला कळला तरी तो हसणार नाही.