ताकदीपेक्षा ब्रेक आणि पकड

शर्यतीच्या गाड्यांचा इतिहास म्हणजे वाढत्या अश्वशक्तीचा इतिहास, हे मोटारशर्यतींवरच्या लेखातील विधान पटले नाही. १९५३ साली फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत जॅग्वार सी-टाइपने जिंकली, त्यात डिस्क ब्रेकचा (चाकासोबत फिरणाऱ्या उघड्या चकतीला दाबणारा, म्हणून लवकर थंड होणारा ब्रेक) वाटा मोठा होता. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम ब्रेक (बंद ड्रमच्या आतून दाबणारे) तापून निकामी होऊ लागत, तेव्हा जॅग्वारचे चालक वळणाच्या कितीतरी जवळ जाऊन वेग कमी करू शकत होते. माल भरलेली जुनी जीप घेऊन चिपळूणच्या बाजूला कुंभार्ली घाट उतरलेल्या आमच्यासारख्यांना याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही: अर्ध्या घाटात ड्रम तापतात, ब्रेकचे पेडल खाली जाते आणि सारी भिस्त खालच्या गिअरवर राहते.

रॅलीत, म्हणजे साध्या व कच्च्या रस्त्यांवर वेळ मोजून होणाऱ्या शर्यतीत, तर हे विधान उलटेच ठरते. १९८६च्या हंगामानंतर ग्रुप बी हा अतिशक्तिशाली गाड्यांचा गट बंद होऊन सुमारे ३०० अश्वशक्तीच्या ग्रुप ए गाड्या आल्या, आणि ताकद बरीच कमी असूनही टायर, सस्पेन्शन व चाकांमध्ये शक्ती वाटणारे डिफरन्शियल सुधारत गेल्यामुळे त्या काही वर्षांतच आधीच्या गाड्यांच्या तोडीस तोड धावू लागल्या. चारही चाकांना शक्ती देऊन पकड वाढवणाऱ्या ऑडी क्वाट्रो या रॅलीच्या गाडीला लेखाने एका ओळीत उरकले आहे. तिच्यातून १९८१ची इटलीतली सानरेमो रॅली जिंकणाऱ्या फ्रेंच महिला चालक मिशेल मूतों यांचा तर उल्लेखही नाही.