व्हिडिओत पोर कुठंय?

मंग्याचं म्हणणं एका वाक्यात मावणारं होतं. पोरांना ऑनलाइन नादी लावणाऱ्या माणसाला भर रस्त्यात उभा करायचा, कॅमेरा तोंडावर मारायचा आणि त्याच्याच फोनवरून त्याच्या बायकोला कॉल लावायचा. “पोलीस, कोर्ट सगळं नंतर. आधी थोबाड जगाला दिसू दे.”

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमचा कट्टा म्हणजे बंद पडलेल्या लॉन्ड्रीची पायरी. समोरच्या बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला गेल्यापासून पलीकडे नुसते निळे पत्रे. बघण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून सगळे मोबाईलमध्ये. मंग्याने लावलेला व्हिडिओ परदेशातला होता. मॉलचं पार्किंग, पन्नाशीचा एक टकलू, हातात पिझ्झाचा खोका. तो चौदा वर्षांच्या मुलीला भेटायला आलाय असं पकडणारा पोरगा ओरडून सांगत होता. टकलू रडायला लागला. मग पकडणारा कॅमेऱ्याकडे वळला, त्याच दमात प्रोटीन पावडरचा डिस्काउंट कोड सांगितला आणि पुन्हा टकलूकडे गेला.

“हा कोड कुणासाठी?” वैशालीने विचारलं.

“अगं, त्याला पण पोट आहे.”

“मग तो पोटासाठी पकडतोय. ह्यात पोर कुठंय?”

पोर नव्हतंच. चॅटवरची चौदा वर्षांची मुलगी म्हणजे त्यांच्याच टोळीतला एक बाप्या. मंग्या म्हणाला, तेच तर बरं, कुठल्या लेकराला त्रास नको. हे मला तरी पटण्यासारखं वाटलं. वैशाली शाळेत समुपदेशक आहे, दिवसभर पोरांचं ऐकते. तिला नाही पटलं.

नील्या वकील. कट्ट्यावर आला तरी कोर्टातून पूर्ण सुटत नाही. तो म्हणाला, हा धंदा यूट्यूबवाल्यांनी काढलेला नाही. अमेरिकेत एनबीसी ह्या टीव्ही चॅनलने २००४ ते २००७ ‘टू कॅच अ प्रिडेटर’ नावाने हेच केलं. प्रिडेटर म्हणजे पोरांवर टपलेला माणूस. एक खाजगी गट पोर बनून चॅट करायचा, चॅनल त्या गटाला सल्लागार म्हणून पैसे द्यायचं, आणि भाड्याच्या घरात छुपे कॅमेरे लावून माणसाची वाट बघायची. २००६ च्या नोव्हेंबरात टेक्सासमधल्या मर्फी गावात सापळा लावला. चॅट करणारा एक सरकारी वकील ठरल्या घरी आलाच नाही. तर पोलीस आणि कॅमेरे त्याच्या घरी गेले. पोलीस आत शिरले तेव्हा त्याने स्वतःला गोळी घातली.

“बरं झालं,” मंग्या म्हणाला.

“पुढचं ऐक. त्या सापळ्यात आणखी वीसहून जास्त जण पकडले होते. तिथल्या जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने एकावरही खटला चालवला नाही. पोलिसांनी तपास केलाच नव्हता रे, ते शूटिंगला हजर होते. म्हणजे तुझ्या भाषेत सांगायचं तर सगळेच्या सगळे सुटले. मेलेल्याच्या बहिणीने चॅनलवर केस टाकली आणि २००८ मध्ये चॅनलने ती मिटवून घेतली.”

मंग्या क्षणभर गप्प झाला, पण तो हार मानणारा नव्हे. “ते अमेरिकेतलं सोड. बदलापूर विसरलास? शाळेतच दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. आईबाप तक्रार घेऊन गेले तर शाळेने हात झटकले, पोलिसांनी ताटकळत ठेवलं. लोक रुळावर उतरले, दिवसभर गाड्या बंद पडल्या, तेव्हा कुठे सगळे जागे झाले. लोकांनी कायदा हातात घेऊ नये म्हणे! मग कायदा कुणाच्या हातात होता?”

ह्यावर खरंच कुणाकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी, म्हणजे २० ऑगस्ट २०२४ ला, नील्या स्वतः कल्याणला लटकला होता, आणि त्या गर्दीला शिव्या घालणं त्यालाही जमलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला की तिथे पोरींच्या घरच्यांनी तक्रार केली होती, खरा गुन्हा होता, आणि लोकांची मागणी कारवाई करा, शिक्षा द्या अशी होती. “ते लोक पोलिसांना कामाला लावत होते. तुझा यूट्यूबवाला पोलिसांचं काम स्वतः करून वर जाहिरात विकतोय.” मग जरा थांबून, “आणि त्यातला आरोपी चकमकीत मेला ना, २३ सप्टेंबरला, त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने मुलांच्या लैंगिक शोषणाचे व्हिडिओ नुसते बाळगण्याबद्दल मोठा निकाल दिला. चकमकीचं कट्ट्यावर सगळ्यांना पाठ आहे. निकालाचं किती जणांना माहीत होतं?”

कुणालाच नव्हतं. मलाही नव्हतं.

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. मंग्याच्या व्हिडिओतला टकलू दोषी असेलही. पण पोरांना वाचवण्याच्या नावाखाली गर्दी जमली की काय होतं ते आपल्याकडे होऊन गेलंय. मी राईनपाड्याचं काढलं. धुळे जिल्हा, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षेकरी. पोरं पळवणारी टोळी फिरतेय असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच फिरत होता. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. पाचही जण. त्या काळात मोटारसायकलवरून पोर उचलून नेतानाचा जो व्हिडिओ देशभर फिरला, तो कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जाहिरातीतून कापलेला होता. शेवटी सगळं सांगणारी पाटी होती, तीच कुणीतरी उडवली.

“ते अडाणी लोक होते,” मंग्या म्हणाला.

“अमेरिकेतले कॉलेजवाले अडाणी होते?” नील्याने लगेच पकडलं. २०२४ च्या ऑक्टोबरात मॅसॅच्युसेट्समध्ये विद्यार्थ्यांच्या एका टोळक्याने टिंडर ह्या डेटिंगच्या सोयीवरून एकाला कॅम्पसवर बोलावलं आणि ‘प्रिडेटर’ म्हणत त्याच्या मागे धावले, मारलं. तो बावीस वर्षांचा सैनिक. ज्या मुलीच्या नावाने बोलावलं ती अठराची. अल्पवयीन कुणीच नव्हतं. टिकटॉकवर तसले व्हिडिओ बघून त्यांना हौस आली होती. पुढे त्या विद्यार्थ्यांवरच गुन्हे दाखल झाले.

इथे एक कबूल करायला हवं, आणि ते नील्यानेच केलं, मंग्याने नाही. ब्रिटनमध्ये असे गट पुष्कळ आहेत आणि त्यांनी जमवलेला पुरावा तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये चालवून घेतला. शिवाय कंपन्यांचं वागणंही असं असतं की माणसाचा संयम सुटावा. रोब्लॉक्स ही पोरांच्या ऑनलाइन गेमची कंपनी. तिने २०२५ च्या ऑगस्टमध्ये असल्या माणसांना पकडणाऱ्या एका यूट्यूबरला आपल्या गेममधून काढून टाकलं, वर वकिली नोटीस दिली. लोक खवळले. त्याच महिन्यात लुइझियाना राज्याने मुलांच्या सुरक्षेवरून रोब्लॉक्सवरच खटला भरला. “म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी,” मंग्या म्हणाला, आणि ह्या एका मुद्द्यावर कट्टा त्याच्या बाजूने होता.

“पण संन्याशाने डिस्काउंट कोड विकू नये,” वैशाली पुटपुटली.

एवढ्यात भोसलेकाका पाव घ्यायला खाली उतरले. पोलिसात होते, शेवटची काही वर्षं सायबर सेलमध्ये काढून निवृत्त झाले. मंग्याने त्यांना विचारलं, “काका, खरं सांगा, असा एखादा पकडून आणला तर तुम्हाला बरंच वाटेल ना?”

काका पायरीवर टेकले. “बरं वाटेल? अरे, डोक्याला हात लावीन. तू त्याला चौकात उभा केलास, तो घरी जाऊन काय करणार? फोन साफ करणार. तू एक पकडलास, पण त्या फोनमध्ये आणखी चार पोरांचे फोटो होते, ती पोरं कोण, कुठली, आता मला कळणार कसं?” मग त्यांनी हाताची बोटं मोजत सांगितलं, पण मोजणी तिसऱ्या बोटाच्या पुढे गेली नाही कारण मध्येच त्यांना राग आला. लोक स्क्रीनशॉट आणतात त्यात नुसतं नाव आणि डीपी. नाव काय, रोज बदलतं. प्रोफाइलची लिंक आणा, कुठल्या अ‍ॅपवर, किती वाजता ते लिहून आणा, चॅट पुसू नका, पोराचा फोन रिसेट मारू नका. आईबाप घाबरून पहिलं तेच करतात. कंपनीकडे माहिती असते, पण ती मागायला वेळेत जावं लागतं. काढून टाकलेलं अकाउंट किंवा मजकूर असेल तर २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायचं असतं. “लोक वर्षाने येतात. आणि फोटो पुरावा म्हणून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकून येतात. सोसायटीचा सेक्रेटरी पुरावा दाखवतो मला, आणि सदुसष्ट-बी त्याच्यावरच लागेल अशी पाळी!”

नील्याने वकिली जोडली. अल्पवयीनाचा तसला फोटो पाठवणं सोडा, जवळ ठेवणंसुद्धा आयटी कायद्याच्या ६७ बी खाली येतं. २३ सप्टेंबरचा तो निकाल ह्याच गोष्टीचा. पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, त्याचं कलम १९ म्हणतं की असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवायचंच. न कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. “म्हणजे व्हिडिओ एडिट होईपर्यंत माहिती दाबून बसणारा तुझा हिरो आपल्याकडे आधी आत जाईल. त्यात तुझी चौदा वर्षांची मुलगी निघाली दाढीवाला. पॉक्सोत मूल म्हणजे अठराच्या आतली व्यक्ती. प्रयत्न म्हणून कलम १८ लावू म्हणशील, लाव. समोरचा वकील पहिली तारीख त्याच्यावरच घालवेल.”

“आणि तोवर तो बाहेर फिरणार.”

“हो,” नील्या म्हणाला. “फिरणार. खटला शक्यतो वर्षात संपवा असं कायद्यात लिहिलंय. कोर्टात येऊन बघ किती संपतात.”

वैशाली बराच वेळ गप्प होती. तिचा मुद्दा इतका साधा की कुणी त्याचा व्हिडिओ करणार नाही. ती म्हणाली, ह्या सगळ्यात तुम्ही अनोळखी माणसाच्या मागे लागलात. एनसीआरबी, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं, त्याचे आकडे बघा. पॉक्सोतल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो. शेजारचा, नात्यातला, शिकवणीचा. त्याला पकडायला पार्किंगमध्ये कोण जाणार? आणि ऑनलाइन जो अनोळखी असतो तोही महिनाभरात अनोळखी राहत नाही. गेममध्ये स्किन, म्हणजे पात्राचा पेहराव, भेट देतो, आई ओरडली की ऐकून घेतो, मग म्हणतो दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू, हे आपलं सिक्रेट. एक फोटो गेला की धमकी सुरू. त्या क्षणाला पोर आईबापांकडे का येत नाही माहितेय? “फोन जाईल म्हणून. मार बसेल हे दुसरं. पहिलं म्हणजे फोन जाईल. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने मला आधी हेच विचारलं, मॅडम, तुम्ही पप्पांना फोन काढून घ्यायला सांगणार नाही ना? बाकीचं त्याने त्यानंतर सांगितलं.”

मुलगा होता, हे ऐकून मंग्या जरा चमकला. त्याला पोरींचीच काळजी होती. वैशाली म्हणाली, फोटोवरून पैसे उकळणाऱ्यांना मुलगेच सोपे जातात, कारण मुलगा लाजेने कुणाकडे जात नाही.

“मग करायचं काय? नुसतं बोलायचं?” मंग्याचा आवाज चढला होता.

“तुझ्या चिकूचा फोन दाखव.”

चिकू मंग्याचा पोरगा, सातवीत. फोन त्याला नवा नाही, मंग्याचा जुना. त्याचं इन्स्टा मंग्याच्या आताच्या फोनवरही लॉगिन होतं. वैशालीने सेटिंग्ज उघडल्या. अकाउंट पब्लिक. मेसेज कुणीही करू शकतं. आणि जन्मसाल १९८५.

“हे कुणी टाकलं?”

“मीच. तेराच्या आत घेत नव्हतं म्हणून माझी जन्मतारीख टाकली.”

काकांनी कपाळावर हात मारला. आपल्याकडे २०२५ पासून अठराच्या आतल्यांचं अकाउंट आपोआप खाजगी होतं, अनोळख्याचा मेसेज अडतो. पण इन्स्टाच्या हिशेबात चिकू चाळिशीचा गृहस्थ. त्याला कशाला कोण अडवेल? मंग्याने फोन ओढून घेतला आणि तिथल्या तिथे अकाउंट उडवायला निघाला. वैशालीने त्याचा हात धरला. “हेच करू नकोस. आज न विचारता उडवलंस तर उद्या तो दुसऱ्या नावाने काढेल, ते तुला दिसणारही नाही. वयात बसत नाही तर बंद करायचंच आहे, पण त्याच्याशी बोलून. आणि त्याच्या मेसेजमध्ये काही निघालं तर आधी म्हण, बरं झालं सांगितलंस. ओरडायचं ते माझ्यावर ओरड.”

बाकी माहिती भराभर झाली. पोरासाठी १०९८. पैशांसाठी धमकी असेल तर १९३०, आणि पैसे द्यायचे नाहीत, दिले की मागणी वाढते. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर मुलांच्या बाबतीतली तक्रार नाव न देताही करता येते. फोटो पसरायची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची सोय आहे. फोटो कुठे पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याची एक सांकेतिक खूण बनते आणि फक्त ती खूण कंपन्यांकडे जाते. पोराचा जबाब घ्यायला साध्या कपड्यात बाई अधिकारी यायला हवी, पोराला ठाण्यात बोलावून बसवायचं नाही, हे काकांनी दोनदा सांगितलं. बहुधा त्यांनी उलटं होताना पाहिलं असावं.

मंग्या फोन खिशात टाकत म्हणाला, “मी बघायचं सोडणार नाही हां. तो टकलू रडला तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.”

“बघ ना. तुला बरं वाटण्यासाठीच बनवलाय तो.”

ह्यावर पुन्हा जुंपली असती, पण काकांनी विषय कामावर आणला. हे नंबर मंडळाच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लावा, आणि रविवारी आईबापांना गोळा करा, वैशाली बोलेल. नील्या म्हणाला, रविवारी मॅच आहे, बाप एकही येणार नाही. वैशाली म्हणाली, मग मॅच मंडळातच लावा, मी ब्रेकमध्ये बोलते. हे सगळ्यांना पटलं. अडलं ते बोर्डावर. तिथे मागच्या महिन्यापासून भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, आणि वाढदिवस होऊन गेला तरी तो उतरवायची कुणाची छाती नाही.

“फ्लेक्स मी उतरवतो,” मंग्या म्हणाला. “भाऊंशी नील्या बोलेल. वकील कशाला झालाय?”